तेवीस इंच

न्यू हॅम्पशरमधल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत जमिनीचे चार थर निघाले. सगळ्यात वर तपकिरी गालिचा, त्याखाली हिरव्या चौकटींचं लिनोलियम, त्याखाली प्लायवूड आणि तळाशी पाईनच्या फळ्या. भिंतीआड पाण्याचा पाईप कित्येक वर्षं झिरपत असणार. खिडकीकडच्या सहा फळ्या बोटानं खरवडल्या तरी भुगा होत होत्या. उरलेल्या मात्र ठणठणीत. टेप लावून पाहिला. एक फळी १७ इंच रुंद, दुसरी १९, तिसरी एका टोकाला २० आणि दुसऱ्या टोकाला साडेसोळा.

घराच्या कागदांत बांधणीचं साल १७८५ आहे. तेव्हा पुण्यात सवाई माधवराव गादीवर होते. मी मूळचा वाईचा. जुन्या लाकडाचं मला अप्रूप असायचं काही कारण नाही, कारण माझं बालपण वाड्याच्या माडीवर गेलं. पण आमच्या माडीला सागाची तक्तपोशी होती आणि तिच्यावर मातीचा थर, शेणाचं सारवण. आम्ही फळीवर कधी चाललोच नाही. फळी दिसायची ती खालच्या सोप्यात आडवं पडून वर पाहिलं तर. दुपारी वर कुणी धावलं की आजोबांच्या अंगावर माती झरायची आणि ते झोपेतच ओरडायचे. इथं फळीवर काहीच नाही. अडीच शतकं माणसं थेट झाडाच्या अंगावरून चालत आली आहेत.

कुजलेल्या फळ्यांच्या जागी नव्या घालायला एक सत्तरीचा सुतार मदतीला आला. मी आयुष्यभर कॉम्प्युटरवर काम केलेला माणूस. त्यानं एक जुनी फळी पालथी केली, बॅटरी तिरकी धरली आणि म्हणाला, "वाच."

फळीच्या पाठीवर सरळ, समांतर रेघा होत्या. वर-खाली चालणाऱ्या करवतीच्या त्या खुणा. ओढ्यावर चाक, चाकाला दांडा, दांड्याला लाकडी चौकट आणि चौकटीत ताणून बसवलेलं पातं. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला पातं एकदा खाली यायचं आणि ओंडका तेवढाच पुढे सरकायचा. या भागात अशा पाणकरवती १६३० च्या दशकातच बसल्या. इंग्लंडमध्ये तेव्हा आपल्यासारखीच पद्धत होती: एक माणूस ओंडक्यावर, दुसरा खाली खड्ड्यात, दोघांच्या हातात एकच लांब करवत. इथं लाकूड अमाप आणि माणसं मोजकी, म्हणून ते काम ओढ्यानं केलं. रेघा अर्धगोल असत्या तर करवत चकतीची, म्हणजे फळी एकोणिसाव्या शतकातली. आमच्या फळीवर एकही गोल रेघ नव्हती.

मग त्यानं माझा हात धरून फळीच्या वरच्या अंगावरून फिरवला. डोळ्यांना सपाट वाटलेली फळी हाताला मंद लाटांसारखी लागली. रंध्याचं पातं कडांना किंचित गोल घासलेलं असे, त्याचे ते उथळ पन्हाळे. जिथं फळी खालच्या कडीवर टेकत होती तिथं पाठीवर वाकसाचे घाव होते. सगळ्या फळ्या सारख्या जाडीच्या नव्हत्याच. वरून सपाट दिसायला हवं म्हणून जाड फळी कडीपुरती खालून तासली, मधली तशीच ठेवली. जे दिसत नाही त्यावर घाम कशाला गाळायचा? खिळे चौकोनी, डोक्यावर घणाचे चार-पाच ठोके. लोहाराच्या हातचे. यंत्रानं कापलेले खिळे १७९० च्या दशकात आले. पुढच्या खोलीत उंबऱ्याजवळ त्यातले दोन सापडले, म्हणजे तिथं कुणीतरी नंतर डागडुजी केली आहे.

"एवढी रुंद फळी म्हणजे मालक श्रीमंत असणार," मी म्हणालो. तो हसला. करवतीचा प्रत्येक काप म्हणजे मजुरी. एका ओंडक्यातून पाच रुंद फळ्या काढल्या तर काप कमी आणि बारा अरुंद काढल्या तर दुपटीहून जास्त. खिळा तर लोहार एकेक घडवणार. फळी अरुंद असो की रुंद, प्रत्येक कडीवर तिला दोन खिळे लागतातच. मग रुंदच बरी. फळी बुंध्याकडे रुंद आणि शेंड्याकडे अरुंद निघाली तरी ती सरळ कापून वाया घालवायची नाही. एकीचा बुंधा दुसरीच्या शेंड्याशी लावायचा, म्हणजे दोघी मिळून चौकोन होतो. माझ्या साडेसोळा-वीसचं गणित असं सुटलं. आज लाकडाच्या दुकानात जी रुंदी सर्वांत महाग, ती तेव्हा कंजुषीतून आली होती.

झाड ईस्टर्न व्हाइट पाईन. पाच-पाच सुयांचे झुबके, सरळसोट खोड, लाकूड हलकं आणि मऊ. मेन राज्याला अजूनही पाईन वृक्षाचं राज्य म्हणतात. बॉस्टनमध्ये जॉन हलच्या टांकसाळीत पडलेल्या चांदीच्या शिलिंगवर याच झाडाचं चित्र होतं. सुताराला मात्र इतिहासातली एकच गोष्ट सांगायची होती, आणि ती ऐकवायला तो मला माळ्यावर घेऊन गेला.

"इथल्या फळ्या मोज," तो म्हणाला. मी मोजल्या. सगळ्यात रुंद भरली पावणेतेवीस इंच.

"बघ!" म्हणून त्यानं हाताची घडी घातली.

गोष्ट अशी, आणि या भागात ती प्रत्येक सुताराच्या तोंडी आहे. इंग्लंडच्या राजाला आरमारासाठी डोलकाठ्या हव्या होत्या. बाल्टिककडून येणाऱ्या लाकडाची वाट युद्धात कधीही अडेल, ही धास्ती. शिवाय मोठ्या जहाजाची डोलकाठी म्हणजे साधं काम नव्हे. हिशेब असा की बुंध्याला जितके इंच व्यास, तितके यार्ड लांबी. छत्तीस इंचांची काठी छत्तीस यार्ड, म्हणजे १०८ फूट, एकसंध. असं झाड पाडताना ते आपटून तडकू नये म्हणून खाली लहान झाडांची गादी करत आणि बैलांच्या जोड्यांवर जोड्या जुंपून नदीपर्यंत ओढत. न्यू हॅम्पशरच्या गावागावांत आजही मास्ट रोड नावाचे रस्ते आहेत. ते डोलकाठ्यांचेच.

१६९१ मध्ये मॅसॅच्युसेट्सला जी सनद मिळाली तिच्यातच कलम होतं: जमिनीपासून एक फुटावर चोवीस इंच किंवा जास्त व्यासाचं झाड, खाजगी मालकीत न गेलेल्या जमिनीवर उभं असेल तर राजाचं. परवान्याशिवाय तोडलं तर झाडामागे शंभर पौंड दंड. राजाचे लोक अशा झाडावर कुऱ्हाडीचे तीन घाव घालून बाणाची खूण करत. तेव्हापासून, सुतार सांगतो, लोक झाडं पाडत राहिले आणि फळ्या मात्र तेवीस इंचांच्या आतच ठेवत राहिले. चोवीस भरली तर ती पुरावा. म्हणून रुंद फळ्या पाहुण्यांच्या खोलीत नसतात, माळ्यावर लपवलेल्या असतात.

गोष्ट ऐकायला छान आहे. पण माझं डोकं हिशेबी. रात्री जेवताना बायकोला सांगत होतो, तर ती म्हणाली, "अहो, झाड चोवीस इंचांचं असलं तर साल नि कडा काढून फळी विसाचीच निघेल ना? तेवीसची फळी म्हणजे झाड चोवीसच्या वरचंच." मी भाकरी तशीच हातात धरून बसलो. बरोबरच होतं. माळ्यावरची पावणेतेवीसची फळी निर्दोषपणाचा दाखला नव्हती. गुन्हाच झाला असेल, तर ती त्याचाच मुद्देमाल होती.

पुढे वाचत गेलो तसा पाय आणखी खोलात. कायदा उभ्या झाडाचा व्यास मोजत होता, फळीची रुंदी नव्हे. शिवाय १७२२ साली न्यू हॅम्पशरच्या विधिमंडळानं ही मर्यादा बारा इंचांवर आणली. बारा! म्हणजे घरातली जवळजवळ प्रत्येक फळी राजाच्या झाडाची ठरली असती. ज्याला सरपणापेक्षा जाड लाकूड हवं होतं तो प्रत्येक शेतकरी चोर. तेवीसचा आकडा जपण्यात मग काय अर्थ होता?

खरी ठिणगी पडली ती आमच्यापासून तासाभरावर, वेअर नावाच्या गावात. १७७१-७२ च्या हिवाळ्यात राजाच्या सर्वेक्षकाचे लोक आसपासच्या लाकूड कापायच्या गिरण्या धुंडाळत आले. एका गिरणीत त्यांना २७० ओंडके सापडले, सतरा ते छत्तीस इंचांचे. त्यांनी बाणाच्या खुणा मारल्या आणि दंड मागितला. शेजारच्या गॉफ्सटाउनच्या गिरणीवाल्यांनी पैसे भरून प्रकरण मिटवलं. वेअरवाल्यांनी भरले नाहीत. १३ एप्रिल १७७२ ला शेरीफ बेंजामिन व्हायटिंग आणि त्याचा हाताखालचा जॉन क्विग्ली हे तिथल्या गिरणीवाल्या एबेनेझर मजेटला पकडायला आले. मजेट म्हणाला, सकाळी जामीन आणतो. दोघं गावातल्या खानावळीत झोपले. पहाटे तोंडाला काजळी फासलेली वीसेक माणसं खोलीत शिरली आणि झाडांच्या छड्यांनी त्यांना झोडपून काढलं, जितकी झाडं तितके फटके मोजून. त्यांच्या घोड्यांचे कान छाटले, आयाळ आणि शेपट्या कातरल्या, आणि दोघांना त्यावर बसवून शिव्यांच्या वर्षावात गावाबाहेर काढलं. घोड्यांचा काय अपराध, हे कुणी विचारलं नाही. सप्टेंबरात आठ जण कोर्टासमोर उभे राहिले. दंड झाला प्रत्येकी वीस शिलिंग. एका झाडाला शंभर पौंड आणि शेरीफच्या पाठीला एक पौंड. त्यावरूनच न्यायालयाचा कल कळतो. बॉस्टनच्या बंदरात चहाच्या पेट्या पडायला अजून सव्वा वर्ष होतं.

हे वाचताना मला सारखं आज्ञापत्र आठवत होतं. १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी ते लिहिलं, आणि त्यात आरमाराच्या प्रकरणात लाकडाचा विषय येतो. गरज इंग्रजांचीच: तक्ते, सोट, डोलकाठ्या. अमात्य सांगतात, साग वगैरे लागेल ते परवानगी घेऊन तोडा, कमी पडेल ते परमुलखातून विकत आणा. आंबे-फणसही आरमाराच्या कामाचे, पण त्यांना हात लावू नका. ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेनं ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादं अगदी जीर्ण झालं असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन तोडावं, बळजोरी करू नये. प्रत्यक्षात किती अंमल झाला ते निराळं. पण लंडनमध्ये व्यास मोजला जात होता आणि आपल्याकडे झाडाला धनी आहे का, हे विचारलं जात होतं.

१७७५ मध्ये वसाहतींचं इंग्लंडशी युद्ध सुरू झालं आणि इथल्या डोलकाठ्या इंग्लंडला जायच्या थांबल्या. ज्या झाडासाठी शेरीफला मार पडला, ते आता बंडखोरांच्या निशाणावर फडकू लागलं. इंग्रजांच्या आरमाराची लाकडाची भूक मात्र तशीच राहिली, आणि काही वर्षांनी ती आपल्याकडे वळली. १८०६ साली ईस्ट इंडिया कंपनीनं मलबारात कॅप्टन वॉटसन नावाच्या पोलीस अधिकाऱ्याला जंगलांचा रखवालदार नेमलं आणि सागावर सरकारी हक्क लावला. लोकांच्या आणि व्यापाऱ्यांच्या तक्रारी इतक्या वाढल्या की १८२३ मध्ये ते पदच रद्द करावं लागलं. मुंबईच्या गोदीत वाडियांनी १८१७ साली सागवानात बांधलेली 'ट्रिंकोमाली' ही लढाऊ नौका आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर आहे. माझ्या पायाखालचा पाईन आणि वाईच्या माडीचा साग एकाच दरबारात हजेरी लावून आले आहेत, हे मला पन्नाशीनंतर कळलं.

पाईनचं पुढे काय झालं ही कथा मानाची नाही. मोठी झाडं संपली. शेतकरी पश्चिमेकडच्या काळ्या जमिनीकडे निघून गेले, कुरणं ओस पडली, आणि गवतात वाऱ्यानं पाईनचं बी पडलं. आमच्या मागच्या रानात फिरताना दगडी बांध लागतात, दोन्ही बाजूंना दाट झाडी. बांध घातला तेव्हा तिथं मेंढ्या चरत होत्या. या दुसऱ्या पिढीच्या पाईनची विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सपाटून तोड झाली, आणि त्याचं झालं काय, तर खोकी. ज्या झाडावर राजाचा बाण असायचा त्याच्या फळ्यांत खिळे-साबण भरून पाठवू लागले. घरांतून तोवर यंत्रानं कापलेल्या अरुंद ओकच्या पट्ट्यांची फॅशन आली होती. रुंद पाईन म्हणजे गरिबाची, खेडवळ जमीन. आमच्या फळ्यांवर लिनोलियम चढलं ते याच लाजेपोटी.

खोक्यांवरून आठवलं. आईला व्हिडिओ कॉलवर नव्या फळ्यांचा ढीग दाखवला. तिनं चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाली, "अरे, ह्या देवदारी फळ्या ना? सफरचंदाच्या पेट्यांच्या? एवढे डॉलर घालून घरात ठोकतोयस?"

तिचं चूक नव्हतं. वाईत देवदारी म्हणजे पेटीचं लाकूड. बाजाराच्या दिवशी फुटकी खोकी बंबात घालायला आणायची, ते.

नव्या फळ्या मी जवळच्या एका छोट्या गिरणीतून आणल्या. दहा, बारा, चौदा इंच, आणि एकच सोळाची. गिरणीवाल्यानं तळं दाखवलं. सप्टेंबर १९३८ च्या वादळात न्यू इंग्लंडमधल्या पाईनच्या राईच्या राई आडव्या झाल्या, तेव्हा ओंडके किडू नयेत, काळे पडू नयेत म्हणून सरकारनं ते तळ्यांत बुडवून ठेवले. काँकर्ड शहराजवळच्या टर्की पाँडवर १९४२ मध्ये एक गिरणी बायकांनी चालवली, कारण पुरुष युद्धावर गेले होते. हे सांगताना तो गिरणीवाला राजाबद्दल अवाक्षर बोलला नाही. त्याच्यासाठी इतिहास १९३८ ला सुरू होतो.

फळ्या आणल्या तो ऑगस्ट होता. आदल्या वर्षी याच महिन्यात मी घाई केली होती. कपाटाच्या खोलीत आणल्या दिवशीच चौदा इंची फळ्या ठोकल्या. जानेवारीत हीटर सुरू झाला, हवा कोरडी पडली, आणि दोन फळ्यांमध्ये चार-पाच मिलिमीटरची फट पडली. त्यातून चहाचा चमचा उभा गेला असता. लाकूड लांबीत हलत नाही, रुंदीत हलतं. फळी जितकी रुंद तितकी तिची हालचाल एकाच सांध्यावर येते. जुन्या लोकांनी हे मान्य केलं होतं. त्यांनी कडेला अर्धी जाडी कापून फळ्या एकमेकींवर चढवल्या, म्हणजे फट पडली तरी खालचा अंधार दिसत नाही. हिवाळ्यात उघडते, दमट उन्हाळ्यात मिटते. घर श्वास घेतं, असं इथले लोक म्हणतात. आजोबा सागाबद्दल म्हणायचे, "लाकूड मेलं तरी ऋतू विसरत नाही."

या वेळी सुतारानं मला शिकवलं तसं केलं. फळ्यांमध्ये इंचभर जाडीच्या पट्ट्या ठेवून त्याच खोलीत तीन आठवडे थप्पी लावली. लाकडातली ओल मोजायचं यंत्र रोज टोचलं. फळीतली आणि खालच्या पाटणीतली ओल यांत दोन टक्क्यांहून जास्त फरक नको. फळ्यांच्या पाठीला आधीच लेपाचा एक हात दिला. गाठींतून राळ झिरपून वर डाग येतो, म्हणून प्रत्येक गाठीवर लाखेचा पातळ लेप दिला. डब्यावरचं शेलॅक हे नाव वाचताना हसू आलं. हे लाखेचंच पातळ रूप, पळसा-बोरीवरच्या किड्यांचं. आमच्याकडे बांगड्यांना आणि मोहरांना लागायची ती. इतक्या लांब येऊन मी पुन्हा पळसाशीच आलो.

खिळे चौकोनी, बोथट टोकाचे, यंत्रानं कापलेले वापरले. गोल खिळा रेषे बाजूला ढकलतो आणि लाकूड चिरतं. हा रेषे कापत जातो, फक्त त्याची रुंद बाजू रेषांच्या दिशेनं ठेवायची. पहिले तीन मी उलटे ठोकले आणि तीनही ठिकाणी फळी चिरली. सुतार काही बोलला नाही, कॉफी प्यायला बाहेर गेला.

मऊपणाची सवय व्हायला वेळ लागतो. पाईन सागाच्या निम्म्याहूनही मऊ. मुलगी पहिल्या दिवशी खुर्ची ओढत आली आणि फळीवर लांब ओरखडा उमटला. "सॉरी बाबा," ती म्हणाली. घरात चप्पल-बूट घालायचे नाहीत हा नियम आम्ही वाईहून आणला होताच, आता त्याला कारण मिळालं. रंगही आत्ता फिकट पिवळा आहे, ताज्या भाकरीसारखा. जुन्या खोलीतल्या फळ्या उजेडानं आणि वयानं भोपळ्याच्या रंगाच्या झाल्या आहेत. त्या रंगाला इथं नावच पंपकिन पाईन. तो रंग डब्यातून आणता येत नाही. मला तो दिसणारही नाही.

मध्येच एकदा मी सुताराला माझा सगळा हिशेब ऐकवला. झाडाचा व्यास, बारा इंचांचा कायदा आणि शेवटी माझा हुकमी एक्का: पॅरिसचा तह १७८३ ला झाला, घर १७८५ चं. तेव्हा इथं राजाच नव्हता, फळी लपवायची कुणापासून? त्यानं शांतपणे ऐकलं. "घर पंच्याऐंशीचं," तो म्हणाला. "झाड कधी पाडलं, ते लिहिलंय का तुझ्या कागदांत?"

नव्हतं लिहिलेलं.

सोळा इंची फळी आम्ही शेवटी ठेवली होती. ठोकायच्या आधी ती पालथी केली. माझ्या जुन्या फळ्यांवर कुणी काही लिहून ठेवलं नव्हतं, करवतीनं जे लिहिलं तेवढंच. म्हणून पेन्सिल घेऊन मी पाठीवर देवनागरीत लिहिलं: रुंदी सोळा इंच, महिना, साल, आणि 'झाडाच्या धन्याला पैसे पोचले.' सुतारानं विचारलं, काय लिहिलंस. मी सांगितलं. त्यानं माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि त्याखाली त्याच्या भाषेत, मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'चोवीसपेक्षा कमी.'

मग आम्ही फळी सुलटी केली आणि ठोकली.